दोन याद्या

“मग चूक कुठं आहे, ते तरी सांगा, बुवा!”

वैजनाथ उंबऱ्यात उभा होता. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, हातात घडी घातलेला कागद.

दामोदरबुवा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

“चूक आहे, असं मी म्हणालो का?”

“नाही. पण बरोबर आहे, असंही म्हणत नाही तुम्ही.”

“आत ये.”

वैजनाथ आत आला. बसला नाही.

“बस.”

“नको. घाई आहे. चार वाजता सोनटक्के कारभारी सगळ्यांना सभामंडपात बोलावणार आहेत. कौसाबाईला स्वयंपाकघरातून काढायचं ठरलंय. प्रोग्रॅममध्ये दोष नव्हता, असं माझ्या हातचं लेखी हवंय त्यांना. खाली तुमची सही.”

“तू लिहिलंस?”

“लिहिलं.”

“काय लिहिलंस?”

वैजनाथनं घडी उलगडली.

“‘पडद्यावर योग्य सूचना दिसत होती. स्वयंपाकघरातून ती पाहिली गेली नाही.’ एवढंच.”



वेणूअक्कांना जाऊन चौदा दिवस झाले होते.

अक्का म्हणजे बुवांची थोरली बहीण. एकोणीस वर्षं बुवांनी पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिले. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. अक्कांनी त्यांचा हात धरला आणि वडजाईच्या डोंगरावरच्या या मठात आणलं. तेव्हापासून दोघं इथंच. मठात बावीस म्हातारी माणसं राहतात, एक छोटा दवाखाना आहे, एक स्वयंपाकघर आहे. आणि दामोदरबुवांची ही खोली आहे, जिथं आसपासच्या गावांतली चार-पाच पोरं प्रोग्रॅमिंग शिकायला येतात.

वैजनाथ त्यांतला सगळ्यांत हुशार. हे बुवा म्हणत नसत. वैजनाथ म्हणत असे.

“ती म्हणते, तिनं पाहिलं होतं,” बुवा म्हणाले. “हिरवा होता.”

“तिला अक्षर ओळखू येत नाही, बुवा. म्हणून तर मी रंग केले. हिरवा म्हणजे सगळं चालेल. पिवळा म्हणजे पातळ, गाळून. तांबडा म्हणजे आधी विचारा. तीन रंग. तेही लक्षात राहिले नाहीत तिच्या.”

“दोन वर्षं राहिले होते.”

“त्या दिवशी नाही राहिले.”

“तू पाहिलंस पडद्यावर?”

“दुसऱ्या दिवशी सकाळीच. दवाखान्यातला पडदा पिवळा. स्वयंपाकघरातला पिवळा. दोन्हीकडं वेणूअक्कांच्या नावापुढं पिवळा. मी सोनटक्क्यांना बोलावून दाखवलं. कौसाबाईलाही दाखवलं.”

“ती काय म्हणाली?”

“काल हिरवा होता म्हणाली. मी म्हणालो, बाई, खोटं बोलू नका.”

“किती माणसं होती तिथं?”

“...सगळीच होती.”

बाहेर कुणीतरी धुणं आपटत होतं. बुवांनी तो आवाज थांबू दिला.

मग म्हणाले, “वाच.”

“पत्र? वाचलं की.”

“पत्र नाही. प्रोग्रॅम.”

वैजनाथ हसला.

“बुवा, ते पहिल्या महिन्यातल्या पोरांचं काम. मला तुम्हीच त्यातून सोडवलंत.”

या मठात मनातल्या मनात काही वाचत नाहीत. पोथी असो, आलेलं पत्र असो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, मोठ्यानं वाचायची. बुवांना ते सोयीचं पडलं. त्यांच्याकडं शिकणारा पोरगा प्रोग्रॅम लिहायचा आणि मग पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचा. वाचताना जिथं जीभ अडखळेल, तिथं बुवा बोट वर करायचे.

पोरं येण्याआधी हे काम अक्का करत. चौथीपर्यंत शिकलेल्या. साठाव्या वर्षी इंग्रजी अक्षरं शिकल्या, भावासाठी. अर्थ एकाही शब्दाचा माहीत नव्हता. अक्षर अक्षर वाचायच्या. अर्धविरामाच्या खुणेला ‘शेपटीवालं टिंब’ म्हणायच्या. महिरपी कंसाला ‘मिशी’. मिशी उघडली, मिशी मिटली. नवी पोरं हसून लोळायची. मग आपणही तसंच म्हणायला लागायची.

वैजनाथला मात्र दोन वर्षांपूर्वी एकदा बुवा म्हणाले होते, ‘राहू दे, तुला वाचायची गरज नाही.’ हे त्यानं पाच गावांत सांगितलं होतं.

“वाच,” बुवा पुन्हा म्हणाले.

“सगळा?”

“सगळा.”

वैजनाथनं घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते. तो बसला. लॅपटॉप मांडीवर उघडला.

“क्लास रहिवासी. कर्ली ब्रॅकेट ओपन...”

बुवांचं बोट वर झालं.

“काय चुकलं?”

“मिशी म्हण.”

वैजनाथ थांबला. त्यानं बुवांच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं काहीच नव्हतं.

“...मिशी उघडली. नाव. खोली नंबर. आहार. आहाराचा रंग, सुरुवातीला हिरवा. मिशी मिटली.”

“पुढं.”

“क्लास यादी. मिशी उघडली. सुरू होताना फाइल उघडायची, बावीस रहिवासी एकेक करून वाचायचे, यादीत ठेवायचे. एक काम आहे, आहार बदल. नाव दिलं, रंग दिला, की त्या माणसाचा रंग बदलतो आणि फाइलमध्ये जतन होतो. मिशी मिटली.”

“चांगलं लिहिलंयस.”

वैजनाथचा आवाज जरा मोकळा झाला.

“क्लास दवाखाना. मिशी उघडली. यादी बरोबर न्यू यादी. शेपटीवालं टिंब. डॉक्टरांनी काही सांगितलं, की सिस्टर बटण दाबते. बटण दाबलं की यादी डॉट आहार बदल. मग पडदा पुन्हा रंगव. मिशी मिटली.”

“पुढं.”

“क्लास स्वयंपाकघर. मिशी उघडली. यादी बरोबर न्यू या...”

तो थांबला.

बुवांचं बोट वर झालं नव्हतं. हात मांडीवरच होता.

एक चिमणी आत येऊन आढ्यावर बसली, उडून गेली.

“काय झालं?” बुवांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग वाच.”

“...”

“तीच ओळ.”

“यादी बरोबर न्यू यादी.”

“न्यू म्हणजे काय रे?”

हा प्रश्न बुवा पहिल्या दिवशी आलेल्या पोराला विचारत. वैजनाथनं पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखंच उत्तर दिलं.

“नवीन ऑब्जेक्ट तयार कर. आधीचं घ्यायचं नाही, वेगळं नवं बनवायचं.”

“दवाखान्यानं एक यादी तयार केली.”

“हो.”

“स्वयंपाकघरानं?”

“...दुसरी.”

“दोन्हींत नावं तीच?”

“तीच. बावीस.”

“वेणूअक्का दोन्हींत?”

वैजनाथनं मान हलवली. मग आठवलं, की बुवांना दिसत नाही.

“दोन्हींत,” तो म्हणाला.

“सिस्टरनं दुपारी बटण दाबलं. कुठली वेणूअक्का पिवळी झाली?”

“दवाखान्यातली.”

“आणि स्वयंपाकघरातली?”

“हिरवीच.”

त्या दिवशी सकाळी अक्कांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. बुवांना त्यांनी एवढंच सांगितलं, की जरा चक्कर आली. दुपारी डॉक्टर आले. घशात गिळायची ताकद कमी झालीय, दोन-तीन आठवडे फक्त पातळ द्या, असं सिस्टरला सांगून गेले. सिस्टरनं बटण दाबलं, रंग पिवळा झालेला पाहिला आणि पाचच्या गाडीनं गावी गेली. कौसाबाईला तोंडी सांगायला थांबली नाही. प्रोग्रॅम आल्यापासून तोंडी सांगायचं बंदच झालं होतं. दिवस मावळायच्या आत मठाची पंगत बसली. त्या पंगतीतच अक्कांच्या घशात घास अडकला.

“पण दुसऱ्या दिवशी पिवळा होता!” वैजनाथ एकदम म्हणाला. “मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, बुवा. स्वयंपाकघरात. पिवळा.”

“प्रोग्रॅम चालू कधी करतात?”

“पहाटे. रात्री बंद करतात, काकडआरती झाली, की पुन्हा...”

त्याचा हात तोंडाशी गेला.

पहाटे प्रोग्रॅम नव्यानं सुरू झाला होता. दोन्ही याद्यांनी फाइल नव्यानं वाचली होती. फाइलमध्ये अक्का पिवळ्या होत्या. तोवर त्यांना न्हाऊ घालून अंगणात आणलं होतं.

“तू तपासला नव्हतास?”

“तपासला होता. वीस वेळा तपासला. दर वेळी बंद करून पुन्हा चालू करायचो, मग पाहायचो. दर वेळी बरोबर यायचं.” तो थांबला. “चालू असताना नाही तपासला. चालू असताना दोन्हींकडं... नाही तपासला. एरवी रंगबदल दुसऱ्या दिवसापासूनच लागायचा, म्हणून कधी कळलं नाही.”

बुवांनी पाय पोटाशी घेतले.

“ओसरीवर फळा होता एक,” ते म्हणाले. “आठवतो?”

“हो.”

“कुठं होता?”

“दवाखाना आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीवर.”

“कोण लिहायचं त्यावर?”

“सिस्टर लिहायची. कौसाबाई येऊन विचारायची, काय लिहिलंय. अक्का वाचून दाखवायच्या.”

“दवाखान्याला एक, स्वयंपाकघराला एक, असे दोन फळे का नव्हते?”

“...”

“सांग की.”

“दोन असते तर एकावर लिहिलेलं दुसऱ्यावर उमटलं नसतं.”

“तो फळा कुणी काढला?”

“मी काढला.” वैजनाथचा आवाज खाली गेला. “मागासलेलं दिसतं म्हणालो.”



मग बुवांनी विचारलं, “कसं लिहायला हवं होतं?”

वैजनाथ यंत्रासारखा बोलत गेला.

“यादी बाहेर एकदाच तयार करायची. मग दवाखाना तयार करताना त्याच्या हातात ती द्यायची. स्वयंपाकघर तयार करतानाही तीच द्यायची. आत कुणीच न्यू लिहायचं नाही. दोघांकडं तीच एक. दवाखान्यानं रंग बदलला, की स्वयंपाकघराला बदललेलाच दिसला असता.”

“किती ओळी बदलतात?”

त्यानं पडद्याकडं पाहिलं. बोटानं मोजलं.

“तीन.”

“तीन,” बुवा म्हणाले.

वैजनाथनं लॅपटॉप मिटला. मग कागद घेतला. त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. त्यावरचं स्वतःचं अक्षर पाहत राहिला. अक्षर फार वळणदार होतं.

“बुवा... मी तिला खोटारडी म्हणालो.”

“हं.”

“चौदा दिवस ती एकच सांगतेय. हिरवा होता, हिरवा होता. कुणी ऐकलं नाही तिचं.”

“मी ऐकलं,” बुवा म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“मला नुसता तिच्यावर विश्वास होता. तुझ्यावरही होता. दोन्ही एकदम कसे खरे असतील, ते कळत नव्हतं. तू वाचशील तेव्हा कळेल, असं वाटलं. तुझी वाट पाहिली.”

“बोलवायचं होतंत!”

“बोलवायला हवं होतं.”

वैजनाथ उठला. खिडकीपाशी गेला, परत आला.

“माझ्या गर्वानं गेल्या त्या, बुवा. वाचून दाखवला असता तर तिथंच थांबला असतात तुम्ही. त्या ओळीवर. पण मला वाचावं लागत नाही ना! मी तयार झालेला ना!”

“तू आला होतास वाचून दाखवायला.”

वैजनाथनं मान वर केली.

“चैत्र होता,” बुवा म्हणाले. “भर दुपारी डोंगर चढून आलास. प्रोग्रॅम झालाय, ऐका म्हणालास. मी काय म्हणालो?”

“राहू दे म्हणालात. तुला वाचायची गरज नाही.”

“का म्हणालो?”

“मला वाटलं...” तो पुन्हा खिडकीकडं वळला. “तुम्हाला वाटलं असेल, की माझं आता चुकायचं नाही.”

बुवांनी नाही म्हणून मान हलवली.

“जेवण जड झालं होतं. मला झोप येत होती.”

...

वैजनाथ उभ्याचा खाली बसला. दोन वर्षं पाच गावांत जे सांगत फिरला होता, ते त्याच्यासमोर जमिनीवर पडलं होतं.

“एवढंच?” त्यानं विचारलं.

“एवढंच.”

“मला का नाही सांगितलंत कधी?”

“तू फार खूश झाला होतास. अक्का म्हणाली, पोरगं नाचत गेलं बघ डोंगर उतरून.”

वैजनाथनं डोकं गुडघ्यांत घातलं. रडण्याचा आवाज आला नाही. श्वासाचा येत होता, बुवा तो ऐकत बसले.

मग बुवांनी हात पुढं केला.

“चल. मला स्वयंपाकघराकडं ने.”

दोघं ओसरीवरून चालले. वैजनाथ पुढं, त्याच्या खांद्यावर बुवांचा हात. अक्का गेल्यापासून बुवा भिंत चाचपत चालत. आज चाचपलं नाही.

स्वयंपाकघराच्या मागल्या दारी कौसाबाई परातीला राख लावत बसल्या होत्या. साठीच्या आसपास वय, बारीक अंग. शेजारी एक बोचकं बांधून ठेवलेलं. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा परात घासायला लागल्या.

“काय सायेब,” त्या म्हणाल्या, “आज कंचा रंग दावायला आलात?”

वैजनाथनं बुवांना दाराच्या चौकटीशी उभं केलं.

“आंधळ्या मानसाला कशापायी उन्हात फिरवताय? चार वाजता जातेच की मी. बोचकं बांधलंय. तपासायचं आसंल तर तपासा. एक लुगडं जास्तीचं हाय, ते अक्कांनीच दिल्यालं.”

“कौसाबाई,” वैजनाथ म्हणाला. “हिरवाच होता.”

परातीवरचा हात थांबला.

“काय म्हनलात?”

“हिरवाच होता. तुम्ही पाहिलात तो. चूक माझी होती. पडदा खोटा बोलत होता.”

कौसाबाईंनी बुवांकडं पाहिलं. बुवांनी मान डोलावली.

वैजनाथला वाटलं होतं, त्या ओरडतील. शिव्या देतील. निदान ‘मी काय सांगत होते’ एवढं तरी म्हणतील. कौसाबाईंनी राखेचे हात पदराला पुसले आणि पाण्याच्या पिंपाकडं पाहत राहिल्या.

“हिरवा व्हता म्हना,” त्या हळूच म्हणाल्या. “मलाच वाटाया लागलं व्हतं, का पिवळाच आसंल. चौदा दिस समदे तेच म्हनत्यात. रातीला डोळं मिटलं, का कधी हिरवा दिसायचा, कधी पिवळा.”

“मी चार वाजता सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्ही कुठंही जायचं नाही. तुमचा काही दोष नाही.”

“न्हाई कसा?”

“नाही! तुम्ही पाहिलंत. डॉक्टर येऊन गेले म्हणून मुद्दाम जाऊन पाहिलंत.”

“पाहिलं. आन मग वळून अक्कांकडं न्हाई पाहिलं.” त्यांनी स्वतःचा हात उलटा करून पाहिला. “उजवा हात उचलना त्यांचा. म्हनून म्याच भरवत व्हते. भाकरीचा घास, भाजीला लावून. ह्या बोटांनी. ओठाचा कोपरा खाली आल्याला, पानी प्यालं तर गळ्यावर वघळलं. दिसत व्हतं मला. पर हिरवा हाय म्हनलं. रंगाचं ऐकलं, मानसाचं न्हाई. अक्कांनी आल्यालं अन्न कवा माघारी धाडलंय का? घास दिला, त्यांनी घेतला.”

“कौसाबाई, ती माझी चूक. मीच तुम्हाला रंगाचं ऐकायला शिकवलं.”

“शिकवलं तुमी. घास म्या दिला.”

“पण माझ्यामुळं दिलात.”

“तुमच्यामुळं आसू द्या. हात माजाच व्हता का न्हाई?”

“अहो, तुम्ही कशाला...”

“तुमी कशाला?”

दोघंही एकदम थांबले. जणू एकाच भांड्याचे दोन कान ओढत होते.

बुवा दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

“मी तिच्या शेजारीच बसलो होतो,” ते म्हणाले. “पहिला ठसका ऐकला मी. पाणी पी म्हणालो. आणि पुढचा घास खाल्ला.”



थोड्या वेळानं कौसाबाई उठल्या. दोन पाट टाकले. माठातलं पाणी दिलं. वैजनाथनं पेला घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला.

“प्या,” कौसाबाई म्हणाल्या. “त्येला काय रंग लागत न्हाई.”

तो प्यायला.

चार वाजता सभामंडपात सगळे जमले. वैजनाथनं नवं पत्र लिहिलं होतं. सोनटक्के कारभाऱ्यांनी ते घ्यायला हात पुढं केला. वैजनाथनं दिलं नाही. उभा राहिला आणि मोठ्यानं वाचलं. यादी एक असायला हवी होती, मी दोन केल्या. कौसाबाईंनी पाहिला तो रंग हिरवाच होता. मी त्यांना खोटं ठरवलं. पत्र पाच ओळींचं होतं. वाचताना दोनदा जीभ अडखळली, दोन्ही वेळा तो मागं गेला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

सोनटक्के बराच वेळ चष्मा पुसत होते.

“कौसाबाई, बोचकं सोडा,” शेवटी ते म्हणाले. वैजनाथकडं त्यांनी पाहिलं नाही.

सिस्टर मागच्या खांबाआड पदर तोंडाला लावून उभी होती.

उन्हं कलली. वैजनाथनं त्या तीन ओळी बदलल्या. दोन्ही पडदे चालू ठेवून, दवाखान्यात रंग बदलून, धावत स्वयंपाकघरात जाऊन पाहून आला. सात वेळा धावला. सातही वेळा रंग बदललेला होता.

मग त्यानं पिशवी आवरली आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“येतो.”

“उद्या?”

“नाही, बुवा. पुन्हा नाही येणार. लॅपटॉप विकून टाकीन. मामाची पिठाची गिरणी आहे बार्शीला, तिथं बसेन. मला याला हात लावायचा अधिकार नाही.”

“बरं.”

“तुम्ही अडवणार नाही?”

“नाही.”

वैजनाथ पायरीपर्यंत गेला. थांबला.

“माझ्यावर रागवाल तरी, असं वाटलं होतं.”

“तुला बरं वाटलं असतं?”

“...हो.”

कौसाबाई चुलीला जळण घेऊन चालल्या होत्या. त्याही थांबल्या.

“बुवा, तुम्ही विसरा हे,” वैजनाथ म्हणाला. “कौसाबाई, तुम्हीही विसरा. तुम्हा दोघांचं काही नाही यात. माझं आहे. मी एकटा घेऊन जातो. जन्मभर वागवीन. कुणाला सांगणार नाही, कुणाला दाखवणार नाही.”

“न्या की,” कौसाबाई म्हणाल्या. “पर माजं काय त्यानं कमी हुनार हाय व्हय?”

वैजनाथ खाली मान घालून उभा राहिला. 

बुवा उठले. भिंत न धरता, आवाज होता त्या दिशेनं चार पावलं चालत आले. हात पुढं करून अंदाज घेतला. एक हात वैजनाथच्या मनगटाला लागला. दुसरा हात त्यांनी तसाच हवेत धरून ठेवला. कौसाबाईंनी जळण खाली ठेवलं आणि पुढं येऊन तो धरला.

तिघं तसेच उभे होते. 

“अक्का एकच होती,” बुवा म्हणाले.

...

“मग मी काय करू?” वैजनाथनं विचारलं.

“तुझं ओझं वेगळं करू नकोस. आमच्याकडं आहे, तेच धर. गिरणीत बस, नाहीतर इथं ये... पण तेच धर. तुझ्या हातून कधी जरा हलकं झालं, तर आम्हाला इथं कळेल.”